पाचशे वेळा वाजवलेलं गाणं

माझ्याकडे पूर्वी शिकलेल्या एका मुलाने गेल्या आठवड्यात विचारलं, ‘सर, चार वर्षं झाली, शुक्रवार-शनिवार रूफटॉपवर वाजवतो. मधल्या दिवसांत लग्नाचे संगीत. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या फर्माइशीची चिठ्ठी आली की हात जड होतात. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ, ती फिरून फिरून येणारी गिटारची ओळ, तर आता ऐकवत नाही. हीच गाणी ऐकून मी घरच्यांशी भांडून गिटार घेतली होती. ती परत आवडू शकतात का, की हे असंच संपत जातं?’

आवडू शकतात. सगळी नाही, पण बरीचशी. नागपुरात बजाजनगरला गिटार शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली, आणि त्यातली बरीच वर्षं मी स्वतः सदर, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स असा रात्री वाजवत हिंडलो आहे. तू म्हणतोस तो कंटाळा मला दोनदा आला. दुसऱ्यांदा तर इतका, की वर्षभर इलेक्ट्रिक गिटार पलंगाखाली होती. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, बसून वाच.

आधी मला सांग, तू ते गाणं शेवटचं पूर्ण कधी ऐकलंस? वाजवलंस कधी ते विचारत नाही, ऐकलंस कधी? रोज बजाजनगरहून बर्डीला जाणाऱ्या माणसाला विचारावं, आज वाटेत कोणकोणते सिग्नल लाल होते, तर त्याला सांगता येत नाही. गाडी त्यानेच चालवली, तरीही. आपल्या कानाचं तेच होतं. पहिल्या दोन कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) वाजल्या की कानाला पुढचं सगळं ठाऊक असतं, म्हणून तो ऐकणं थांबवतो आणि पुढची सहा मिनिटं आठवणीतून वाजत राहतात. ती आठवणीतली प्रत झिजलेली असते. बारीकसारीक सगळं गळून गेलेलं, फक्त चाल आणि शब्द उरलेले. तुला कंटाळा आला आहे तो या प्रतीचा.

मानसशास्त्रात यावर अभ्यास झालेला आहे. डॅनियल बर्लाइन यांनी १९७०च्या आसपास मांडलं, की एखादी गोष्ट ओळखीची होत जाते तशी आवड वाढते, आणि एका टप्प्यानंतर उतरायला लागते. गोष्ट जितकी गुंतागुंतीची, तितका तो टप्पा उशिरा येतो. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. गाण्यातला जो गुंता तुझ्या कानाने सोडून दिला आहे, तो परत कानावर घातला तर घड्याळ बरंच मागे नेता येतं. हे मी वाचून म्हणत नाही, माझ्याच बाबतीत एका रात्रीत घडलं म्हणून म्हणतो.

सदरच्या एका हॉटेलात आमचा ठरलेला कार्यक्रम होता. संध्याकाळी पाचला बेसवाल्याच्या घरून फोन आला, त्याला डेंग्यू झाला आहे. दुसरा कोणी मिळेना. गिटारवर एक पोरगा होताच, म्हणून बेस मी गळ्यात घातला. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ मी तोपर्यंत पंधरा वर्षं गिटारवर वाजवलं होतं, बेसवर कधीच नाही. घाईघाईने तासभर हेडफोन लावून ईगल्स या मूळ बँडच्या रँडी माइसनरचा बेस ऐकला आणि चक्रावलो. मला वाटायचं तो सतत खाली चालू असतो. तसं नाहीच. अंतऱ्यांमध्ये तो दोन-तीन सूर बोलतो आणि गप्प बसतो. परत बोलतो, परत थांबतो. त्या थांबण्याच्या जागेत गिटारचा छोटासा ठोका पडतो, आणि गाण्याला तो जो सुस्त, उन्हात चालल्यासारखा झोका आहे, तो तिथून येतो. सुरुवातीला या गाण्याच्या चालीला बँडमध्ये ‘मेक्सिकन रेगे’ म्हणायचे, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण रेगे, म्हणजे जमैकाकडचा तो थांबत चालणारा ठेका, म्हणजे काय ते त्या रात्री बोटांना कळलं. स्टेजवर पहिल्यांदा मी त्या मोकळ्या जागा भरून टाकल्या. ड्रमरने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या अंतऱ्यापासून मी हात उचलायला शिकलो. गाणं संपलं तेव्हा मला ते पुन्हा वाजवायचं होतं. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं.

म्हणून तुला पहिलं सांगणं हेच: ज्या गाण्याचा वीट आला आहे, त्यात दुसऱ्या कोणाची तरी जागा घे. महिनाभर तुमच्या बेसवाल्याशी अदलाबदल कर. तो नाही म्हणाला तर सरावाला तरी कर. बेस येत नसेल तर गिटारच्या जाड चार तारांवर वाजव, सूर तेच आहेत, फक्त एक सप्तक वर.

आणि जे तू वाजवतोस, ते तरी मुळासारखं वाजवतोस का? हे मी रागावून विचारत नाही. आपण सगळेच पहिल्या वर्षी एक सोपी आवृत्ती शिकतो आणि ती जन्मभर वाजवत राहतो. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची सुरुवात तू साध्या बी मायनरचा बार, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून, धरून वाजवतोस, मला माहीत आहे, मीच तशी शिकवली होती. मूळ बारा तारांची गिटार आहे, सातव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या सातव्या घरात, कॅपो लावलेली; कॅपो म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. ईगल्सचा गिटारवाला डॉन फेल्डर याने चाल आधी ई मायनरमध्ये बांधली होती. गायक डॉन हेन्लीच्या गळ्याला ती पट्टी जमेना म्हणून गाणं बी मायनरला गेलं. कॅपो सातवर लाव आणि ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन असं सावकाश छेडून बघ. बारा तारा नसल्या तरी चालेल. इतक्या वर कॅपो लावल्यावर तुझ्याच गिटारचा आवाज संतूरच्या जवळ जातो. तीच आठ कॉर्डची फेरी, पण आता ती सुरुवात आहे असं वाटतं. बार कॉर्डवर ती नुसती सोबत वाटायची.

त्या फेरीबद्दल अजून थोडं. शेवटचा तो लांब सोलो नव्या कॉर्डवर नाही, अंतऱ्याच्याच आठ कॉर्डवर आहे. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला लेहरा असतो ना, सारंगी किंवा पेटी तेच तेच फिरवत राहते आणि त्यावर तबला बोलतो, तसं ऐकून बघ. आधी फेल्डर बोलतो, मग दुसरा गिटारवाला जो वॉल्श उत्तर देतो, मग दोघं एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालतात आणि शेवटी सूर जोडून एकत्र उतरतात. लेहरा म्हणून ती फेरी कानात धरलीस, की कोण कुठे समेवर आला आणि कोण मुद्दाम उशिरा आला, हे ऐकू यायला लागतं. मी आता क्लासमध्ये हा सोलो असाच शिकवतो. एकाने नुसती फेरी धरायची आणि दुसऱ्याने एकच ओळ वाजवायची, जिथे संपली तिथून पहिल्याने उचलायची.

हा सोलो स्टुडिओत सुचेल तसा वाजवलेला आहे असं बहुतेकांना वाटतं. फेल्डरने स्वतः सांगितलेली हकीकत वेगळी आहे. मायामीत रेकॉर्डिंग चालू होतं आणि हेन्लीला घरच्या डेमोतलाच, म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगमधलाच, सोलो हवा होता, सुरानिशी तसाच. डेमोची कॅसेट कॅलिफोर्नियात राहिलेली. मग घरी काम करणाऱ्या बाईंना फोन लावून त्यांच्याकडून ती टेपरेकॉर्डरवर लावून घेतली आणि फोनवरून ऐकून तो पुन्हा शिकला. स्वतःचाच सोलो! तेव्हापासून मला तो बंदिशीसारखा वाटतो. बंदिश आपण हजार वेळा ऐकतो, शब्द आणि सम सगळं पाठ असतं, आणि तरी वसंतराव देशपांडे काय म्हणतात आणि दुसरे कोणी काय म्हणतात हे पुन्हा ऐकतोच. तेच पुन्हा ऐकायचं याची लाज आपल्याकडच्या संगीतात कोणाला वाटत नाही. रॉकवाल्यांनी ती का बाळगावी, मला समजत नाही.

कॅसेटवरून आठवलं. मला हे गाणं पहिल्यांदा मिळालं ते बर्डीवरच्या एका दुकानातून भरून घेतलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर. एका बाजूला तीस मिनिटं. दुकानदाराने हे गाणं ए बाजूला सर्वांत शेवटी टाकलं होतं आणि टेप संपली तेव्हा दोन्ही गिटार नुकत्याच एकत्र आल्या होत्या. खट्ट. चार वर्षं माझ्यासाठी ते गाणं तिथेच तुटायचं. अकरावीत एका मित्राच्या घरी मूळ कॅसेट ऐकली आणि त्या खट्टच्या पुढे गाणं चालूच राहिलं, हळूहळू आवाज कमी होत दूर गेलं. अंगावर काटा आला होता. तो काटा आजही मला हवा असतो, म्हणून कधीकधी मी गाणं ठीक त्या जागी बंद करतो, दोन दिवस जाऊ देतो आणि मग तिथून पुढे ऐकतो. तूही कर. आवडती जागा येण्याच्या आधी थांबव. कानाला भूक लागू दे.

आता डीप पर्पल या बँडचं ‘स्मोक ऑन द वॉटर’. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त बदनाम झालेली रिफ हीच, आणि तिच्यावर सर्वांत मोठा अन्यायही आपणच केला आहे. मागच्या पावसाळ्यात अकरा वर्षांची एक मुलगी क्लासला यायला लागली. तिने हे गाणं कधी ऐकलेलंच नव्हतं. मी तिला लगतच्या दोन तारांवर बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, तिच्या हातात टिकत नव्हता, दोनदा गिटारच्या पोटात पडला. तिसऱ्यांदा तिने तो बाजूला ठेवला आणि अंगठा व पहिलं बोट अशा दोन बोटांनी दोन्ही तारा एकदम चिमटीत धरून ओढल्या. मी खुर्चीतून उठलो. रेकॉर्डवर जो आवाज आहे, तो हाच. डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर ही रिफ पिकने घासत नाही, बोटांनी दोन्ही तारा एकत्र खुडतो. म्हणून दोन्ही सूर एकाच क्षणी सुटतात आणि तो कोरडा, थोडा चावरा आवाज येतो. आपण पॉवर कॉर्ड, म्हणजे दोन-तीन तारांची जाड कॉर्ड, धरून पिकने वरून खाली खरवडतो, ते जाड होतं, बोजड होतं, आणि मग म्हणतो गाणं बोजड आहे.

आणि सूर बघ. षड्ज जी धरलास तर सा, कोमल ग, शुद्ध म. दुसऱ्यांदा सा, कोमल ग, आणि मग तीव्र मला स्पर्श करून परत शुद्ध म. दोन मध्यम शेजारी शेजारी. हा ललत राग नव्हे, पण त्या दोन मध्यमांच्या मधली जी अस्वस्थता ललतमध्ये आपल्याला धरून ठेवते, तिचा एक कण या रिफमध्ये आहे. तीव्र म किती क्षण थांबतो, एवढंच ऐकत एकदा पूर्ण गाणं ऐक.

वाद्यं कोणत्या क्रमाने येतात तेही ऐक. आधी एकटी गिटार. मग ड्रमची झांज, हाय-हॅट. मग ऑर्गन, आणि तो ऑर्गन त्यांच्या जॉन लॉर्डने गिटारच्या मार्शल अॅम्पमधून फाडून वाजवला आहे. तू इतकी वर्षं ज्याला एका गिटारचा जाड आवाज समजत होतास, त्यात अर्धा ऑर्गन आहे. मग बाकीचे ड्रम, आणि सर्वांत शेवटी बेस. बेस आला की जमीन आल्यासारखी वाटते. तुमचा बँड पहिल्या फटक्याला चौघांनी एकदम सुरू करतो. लोकांना ओळखू यावं म्हणून करता, समजतं मला, पण त्यात गाण्याची सगळी चढण गेली. पुढच्या शुक्रवारी एकेकाने या.

शब्दांत लपवलेलं काही नाही, ती जवळजवळ बातमी आहे. ४ डिसेंबर १९७१ला स्वित्झर्लंडमध्ये माँत्रूच्या कॅसिनोत अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतून कोणीतरी फ्लेअर, म्हणजे पेटता संकेत-बाण, उडवली, आग लागली आणि धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. डीप पर्पल तिथेच रेकॉर्डिंगसाठी आले होते. दुसरी जागा म्हणून एका थिएटरात रात्री हा ट्रॅक वाजवायला बसले, तर आवाजाने आजूबाजूचे लोक जागे झाले आणि पोलीस दाराशी आले. बँडच्या लोकांनी टेक, म्हणजे चालू असलेलं रेकॉर्डिंग, पूर्ण होईपर्यंत दार अडवून ठेवलं. रात्री दहाला साउंड बंद करायला लावणारे पोलीस तुझ्या चांगले ओळखीचे आहेत. ते दारावर थाप मारत आहेत आणि आपला टेक अजून संपायचा आहे, असं समजून रिफ वाजवून बघ, हात जड होणार नाहीत.

लेड झेपलिन बँडच्या ‘स्टेअरवे टू हेवन’बद्दल थोडक्यात. आठ मिनिटांच्या गाण्यात चार मिनिटं ड्रमच नाहीत. सुरुवातीला त्यांच्या जॉन पॉल जोन्सने वाजवलेल्या लाकडी रेकॉर्डरच्या बासऱ्या आहेत आणि लय पूर्ण गाणंभर हळूहळू चढत जाते. विलंबितातून द्रुतात जाणारं गाणं आहे ते. आपल्या हॉटेलांत ते चार मिनिटांत कापून, सगळं एकाच लयीत वाजवतात. त्यापेक्षा वाजवू नये. वेळ नसेल तर मॅनेजरला नाही म्हण आणि घरी पूर्ण ऐक.

क्वीन बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त मधल्या ऑपेराच्या भागात फक्त तिघांचे गळे आहेत, फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. टेपवर थरावर थर चढवत त्यांनी ती गर्दी उभी केली आणि त्यातला सर्वांत उंच सूर ड्रमर टेलरचा आहे. एकदा फक्त टेलरच्या मागे जा. फ्रेडी पाचगणीच्या शाळेत शिकला आणि तिथेच त्याने पहिला बँड केला, हे आपल्या मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. महाबळेश्वरला जाताना आपण ज्या गावात स्ट्रॉबेरी खायला थांबतो, तिथल्या पियानोवर हा मुलगा बसायचा.

पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ ज्यांना जुनं झालं आहे त्यांना मी टाळी द्यायला लावतो. सात मात्रा. ती ती ना, धी ना, धी ना. रूपक पाठ असलेल्या आपल्या मुलांना हे पाच मिनिटांत जमतं. सुरुवातीला नाण्यांचे आणि गल्ल्याचे जे आवाज फिरतात, त्यांची फेरीसुद्धा सातची आहे. सॅक्सोफोन सातातच वाजतो. मग गिटारचा सोलो येतो आणि अचानक सगळं चारात जातं. टाळी देणारा माणूस तिथे हमखास चुकतो. चुकला की तो पुन्हा ऐकायला लागतो, आणि मला तेच हवं असतं.

ऐकण्याच्या साधनाबद्दल न बोलता पुढे जाता येणार नाही. बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. फोनच्या स्पीकरमधून एवढं खालचं काही बाहेर पडत नाही. वरच्या उपसुरांवरून मेंदू तो सूर कल्पनेने भरून काढतो, म्हणून तुला बेस ‘ऐकू आला’ असं वाटतं. हॉटेलच्या छतातल्या स्पीकरांचं तेच, वरून कूलरची घरघर. आपल्या नागपुरात तर एप्रिल ते जून घराघरात कूलर चालू असतो आणि त्या आवाजात गाण्याचा सगळा तळ बुडून जातो. तुझ्या कानाने या गाण्यांचे तळ वर्षानुवर्षं ऐकलेलेच नाहीत. रात्री अकरानंतर कूलर अर्धा तास बंद कर, घाम येईल, येऊ दे. वायरचे साधे हेडफोन लाव आणि पिंक फ्लॉइडचंच ‘विश यू वेअर हिअर’ ऐक. पहिली गिटार मुद्दाम रेडिओतून आल्यासारखी पातळ ठेवलेली आहे. मग खोलीत बसलेला कोणीतरी त्या रेडिओसोबत वाजवायला लागतो, आणि त्याच्या आधी त्याचा खोकला आणि श्वाससुद्धा ऐकू येतो. फोनवर हा रेडिओ आणि ही खोली वेगळे कळतच नाहीत. हेडफोनवर तो माणूस तुझ्या शेजारी बसतो.

आणि गाणं एकटं ऐकू नकोस, ज्या अल्बममध्ये आहे त्यात ऐक. प्लेलिस्टमध्ये एका जुन्या हिटच्या मागे दुसरं जुनं हिट येतं, सगळेच ओरडत असतात. अल्बममध्ये आधीचं गाणं ज्या सुरात संपतं, तिथून हे सुरू होतं.

मग सुट्टी घे. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की रूफटॉपचं काम तसंही कमी होतं. त्या सहा आठवड्यांत ही गाणी वाजवू नकोस, ऐकू नकोस, कोणाला शिकवूही नकोस. जूनच्या पहिल्या पावसानंतर एकच उचल. एका वेळी एकच.

कामाच्या रात्रींचं काय, हे तू विचारशीलच. फर्माइश टाळता येत नाही, पोटाचा प्रश्न आहे. तेव्हा समोर बघ. आपल्याकडे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चे शब्द फार थोड्यांना शेवटपर्यंत पाठ असतात, दुसऱ्या अंतऱ्यात सगळे पुटपुटायला लागतात. पण सोलो आला की तेच लोक तोंडाने गिटार म्हणतात. एकूण एक सूर, वॉल्शच्या मींडेसकट. मी हे सदरला पाहिलं, लग्नात पाहिलं, एकदा कॉलेजच्या गॅदरिंगला तर तिसऱ्या रांगेतले प्राध्यापक म्हणत होते. शब्द नसलेली दोन मिनिटं परक्या गावातल्या इतक्या लोकांच्या तोंडात बसावीत, ही काय साधी गोष्ट आहे? त्यांच्यातला एकच माणूस निवड आणि त्याच्यासोबत वाजव. तो चुकला तर तूही तिथे थोडा थांब.

काही गाणी मात्र परत येत नाहीत. माझ्यासाठी ‘समर ऑफ सिक्स्टी नाइन’ दहा वर्षांत आलेलं नाही. बेसवर वाजवून झालं, सुट्टी घेऊन झाली, काही फरक नाही. ते मी दुसऱ्या गिटारवाल्याला देतो आणि त्या वेळात पाणी पितो. तुझंही एखादं असेल, ते देऊन टाक.

बुधवारी संध्याकाळी सातनंतर माझा क्लास रिकामा असतो. कॅपो घेऊन ये, आणि पिक घरी ठेव. बेस माझ्याकडे आहे, तारा मागच्याच महिन्यात बदलल्या आहेत. फक्त ती अकरा वर्षांची मुलगी तेवढी त्या वेळी येते. तिला अजून ‘स्मोक ऑन द वॉटर’चं मूळ रेकॉर्डिंग मी ऐकवलेलं नाही, या बुधवारी ऐकवणार आहे. तेव्हा तू तिथे असावंस असं मला वाटतं.